मोटरीकडची बाटली

२०२५ साल, माझं वय अठ्ठ्याहत्तर. सकाळी साडेसातला फोन वाजला तेव्हा मी गॅलरीत बसून टेबलफॅनचं बेअरिंग साफ करत होतो. हात ग्रीसने माखलेले, म्हणून कोपराने दाबून फोन स्पीकरवर टाकला. केशवची मेधा बोलत होती. चार दिवसांपूर्वीच ती कल्याणहून माहेरी आलेली. ‘काका, बाबा गेले. पहाटे, झोपेतच.’ मी म्हटलं, आलो. चिंधीने हात पुसले, सदरा घातला, जिना उतरलो. दोन बिल्डिंगी सोडून त्यांचं घर, पण तेवढ्या अंतरात माझ्या डोक्यात जे आलं ते इथे लिहितो, कारण ते लिहायचं नसेल तर बाकीचं लिहून उपयोग नाही. मला रडू नाही आलं. मला वाटलं, सुटलो. आता ती गोष्ट त्याला सांगायची राहिली नाही... मग त्यांच्या दारातल्या चपला दिसल्या आणि मी माझ्याही त्यांच्याशेजारी काढल्या.

मी लिहिणारा माणूस नाही. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी शाळा देवळात भरायची, तिथे चौथीपर्यंत शिकलो आणि पुढचं सगळं मशीनवर शिकलो. तुमची पुरवणी मात्र दर रविवारी वाचतो. तिच्यात गेलेल्या माणसांवर लेख येतात. त्यात गेलेला माणूस देवासारखा असतो आणि लिहिणारा त्याचा फार लाडका असतो. केशव आंबेरकर देव नव्हता. हट्टी होता, जेवताना मचमच आवाज करायचा, आणि स्वतःच्या कोकणापुढे दुसऱ्या कुठल्या मुलुखाला मोजायचा नाही. आणि मी त्याचा लाडका होतो खरा, पण तो त्याचा दोष. संपादकांना एवढंच सांगणं, की शुद्धलेखन पाहिजे तेवढं सुधारा, शब्द इकडचे तिकडे करू नका.

डोंबिवली एमआयडीसीत आम्ही एका कंपनीत होतो. मी टर्नर, तो वर ड्रॉइंग ऑफिसात. ओळख भांडणातून झाली. एक शाफ्ट मी काढलेला, तो बसेना. साहेबाने केशवला खाली पाठवला, मिस्त्रीला विचार माप कुठे चुकलं. मी म्हटलं, माप माझ्या हातात चुकत नाही, तुझ्या कागदावर चुकलं असेल. सगळं मशीनशॉप बघत होतं. तो कागद घेऊन वर गेला. मला वाटलं, गेला, आता येत नाही. पाच मिनिटांत परत आला, माझ्या लेथपाशी उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, ‘मिस्त्री, चूक माझी. तीनच्या जागी आठ वाचला.’ वरच्या ऑफिसातला माणूस खाली येऊन असं बोलतो हे मी तोवर पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून तो मला कायम मिस्त्रीच म्हणत आला, माझं बबन हे नाव त्याच्या तोंडी फक्त मी आजारी असलो की यायचं.

त्याला फोटोचा नाद होता, आणि तोही काळ्यापांढऱ्याचा. रंगीत फोटो त्याला आवडत नसे. म्हणायचा, रंग आला की माणूस साडी बघतो, चेहरा बघत नाही. ठाकुर्लीला आमच्या चोळे गावातली जुनी आगरी माणसं, खाडीच्या कडेला जाळी विणणाऱ्या म्हाताऱ्या, पॉवर हाऊसच्या राखेत खेळणारी पोरं, सगळ्यांचे फोटो त्याने काढलेत. स्टुडिओत धुवायला देत नसे. तिथे वाट लावतात म्हणायचा. घरच्या मोरीत, खिडकीला गोधडी लावून स्वतः धुवायचा. मी पहिल्यांदा बघायला गेलो तेव्हा हा फिल्म भरलेला एक काळा डबा हातात धरून सारखा उलटासुलटा करत होता, घड्याळाकडे बघत, ताक घुसळणाऱ्या बाईसारखा. मी म्हटलं, अरे, हे काम हाताचं नाही, मोटरीचं आहे. तेव्हा त्याने मला एका परदेशी मासिकातलं चित्र दाखवलं. पाण्याची उथळ पेटी, तीत आडवा पडून लोळणारा डबा, बाजूला मोटर. डबा उभा असला तर तो भरेल एवढं फिल्म धुवायचं औषध लागतं. आडवा पडून गोल फिरत राहिला तर वाटीभर औषधावर काम होतं, कारण फिरता फिरता सगळी फिल्म त्याच वाटीभर औषधातून जाते. आणि खालच्या पाण्यात बर्फ टाकला की आपल्याकडच्या मे महिन्यातही औषध गार राहतं. तसलं मशीन आपल्याकडे येणं शक्य नाही, असं म्हणून तो मासिक मिटायला लागला. मी म्हटलं, उघडं ठेव ते.

तीन आठवड्यांत मी ते करून दिलं. मी हे बढाई म्हणून सांगत नाही... बरं, बढाई म्हणूनच सांगतो. शीळफाट्याच्या भंगारवाल्याकडून टेम्पोच्या वायपरची मोटर आणली. नायलॉनचे चार रोलर जेवणाच्या सुट्टीत लेथवर काढले. पत्र्याचा ट्रे वाकवून डाक मारला, एक थेंब गळला नाही कधी. केशव म्हणाला, डबा एकाच बाजूला फिरत राहिला तर फिल्मवर पट्टे उठतात, मधून मधून उलटा फिरायला हवा. मग मोटरीच्या दांड्यावर एक उंचवट्याची चकती बसवली. ती चार फेऱ्यांनी बटण दाबायची आणि डबा उलटा फिरायला लागायचा. घुर्र, टक्, घुर्र, टक्. ट्रेच्या मागच्या कडेला बाटल्या उभ्या राहतील अशी तीन भोकांची पट्टी, म्हणजे औषधंही त्याच पाण्यात गार राहणार. पहिली फिल्म त्यातून निघाली आणि त्याने ती ट्यूबलाइटसमोर धरली, मग माझ्या पाठीवर ओला हात ठेवला. सदऱ्यावर डाग पडला. तो डाग मी बायकोला धुऊ दिला नाही.

शुक्रवार ही एमआयडीसीची सुट्टी. पुढे आम्ही दोघेही रिटायर झालो तरी फिल्म धुवायची ती शुक्रवारीच. कामं वाटलेली होती. स्वयंपाकघरात औषधं कालवायचं काम त्याचं. तीन बाटल्या, एकसारख्या, खोकल्याच्या औषधाच्या तपकिरी. एकेक माझ्या हातात द्यायचा आणि नाव सांगायचा, हा डेव्हलपर, हे पाणी, हा फिक्सर. मी त्या मोरीत नेऊन भोकात लावायचो आणि बुचं काढून ठेवायचो. ओतायचं काम त्याचं. वाचणाऱ्याला कळावं म्हणून सांगतो, डेव्हलपरने चित्र उमटतं, मधल्या पाण्याने ते थांबतं आणि फिक्सरने उरलेलं सगळं धुऊन चित्र कायमचं होतं. हे उलटं झालं, फिक्सर आधी पडला, तर चित्र उमटायच्या आधीच सगळं निघून जातं. फिल्म काचेसारखी कोरी. मग पुढे काहीही करा, त्यात काही येत नाही. केशव एकदा म्हणालेला, बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवू या का. मी म्हटलं, कशाला, माझ्यावर भरवसा नाही का तुझा? तो हसला आणि चिठ्ठ्या राहिल्या. आमची खूण साधी होती, मोटरीकडची बाटली पहिली. मोटर डाव्या हाताला, म्हणून डावीकडून पहिली डेव्हलपर. तो एका हातात डबा घेऊन, डोळे घड्याळावर ठेवून, दुसरा हात मोटरीच्या आवाजाकडे न्यायचा आणि पहिली बाटली उचलायचा. बघायचा नाही. वासाने कळलं असतं म्हणाल तर त्या मोरीत सगळे वास एकच झालेले असत. वीस वर्षांत एक रोल वाया गेला नाही.

आता शालिनी वहिनींचं सांगतो. वहिनींना कोड आहे. तिशीत सुरू झालं, ओठापासून, मग गळा, मग दोन्ही हात. बाईने त्याचा कधी बाऊ केला नाही, शाळेत शिकवलं, बाजारहाट केला, कुणी टक लावून बघितलं तर त्याच्याकडे तशीच टक लावून बघायच्या. फोटोला मात्र उभ्या राहायच्या नाहीत. मेधाच्या लग्नाच्या अल्बममध्ये आईचा पदर दिसतो, पाठ दिसते, चेहरा नाही. आणि नवरा असा, की अख्ख्या चोळ्यातल्या म्हशीसुद्धा त्याच्या फोटोत. मी चिडवायचो, केशव, तुझ्याकडे म्हशींचा अल्बम आहे आणि बायकोचा नाही. वहिनी आतून म्हणायच्या, ‘भावोजी, म्हशी एका रंगाच्या असतात.’

२०१४ साली एका दुपारी त्यांनी जाळी विणणाऱ्या म्हातारीचा फोटो बराच वेळ हातात धरला. मग विचारलं, यात रंग येत नाही ना, मग माझे डाग दिसतील का? केशवच्या जागी मी असतो तर नाही म्हणालो असतो आणि काम करून घेतलं असतं. तो म्हणाला, दिसतील. मी लपवणार नाही, तू आहेस तशी येशील. वहिनी आठ दिवस काही बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी सकाळी स्वतःच गच्चीवर खुर्ची नेली आणि म्हणाल्या, चला, काढा. छत्तीस फोटो काढले त्याने, अख्खा रोल. वहिनी खुर्चीत, वहिनी कठड्याला टेकून, वहिनी हात पुढे करून. पोरगा परीक्षेत पास झाल्यासारखा तो संध्याकाळी माझ्याकडे आला. म्हणाला, ‘मिस्त्री, तिने शेवटच्या चार फोटोंत पदर खाली घेतला. मी सांगितलं नव्हतं.’ एकसष्ट वर्षांच्या बाईबद्दलचं, पस्तीस-चाळीस वर्षांच्या संसारातलं हे बोलणं.

त्याच आठवड्यात मशीन माझ्याकडे होतं. केशवच्या मोरीत डाव्या बाजूला नळ होता, त्याचं पाणी मोटरीवर उडायचं आणि कधी कधी ठिणगी पडायची. माझ्या डोक्यात बरेच दिवस होतं, की मोटर उजवीकडे घ्यावी. मी घेतली. पट्टा बदलला, चकती नव्याने बसवली, आवाज निम्म्यावर आणला. काम असं साफ झालं की मलाच दहा वेळा चालवून बघावंसं वाटलं. शुक्रवारी सकाळी मशीन त्याच्या मोरीत नेऊन ठेवलं आणि त्याला सांगितलं नाही. मुद्दाम नाही सांगितलं. मला वाटलं, त्याने आपणहून बघावं, आवाज ऐकावा आणि म्हणावं, अरे मिस्त्री, काय केलंस हे. तेवढ्या एका वाक्यासाठी मी गप्प बसलो.

त्याने बाटल्या दिल्या, नावं सांगितली. मी वीस वर्षांच्या सवयीने डावीकडून लावल्या, डेव्हलपर, पाणी, फिक्सर. माझ्या हाताला डावीकडची सवय आणि त्याच्या कानाला मोटरीची, आणि मोटर आता उजवीकडे. त्याचं लक्ष त्या दिवशी कशातच नव्हतं म्हणा, किंवा होतं ते फक्त डब्यातल्या छत्तीस फोटोंत होतं. दिसायलाही त्याला कमी झालेलं, मोरीत एक पिवळा दिवा. वहिनींनी बाहेरून चहाला हाक मारली आणि मी उठून गेलो. त्या बाहेरच्या खोलीत पलंगावर बसलेल्या, हातात बशी, बशीत चहा गार होत असलेला. मला विचारत होत्या, किती वेळ लागतो हो? मी म्हटलं, वहिनी, वीस मिनिटांत तुम्ही बाहेर येता बघा. आतून माझी मोटर ऐकू येत होती. मी ती कान देऊन ऐकत होतो, किती मऊ चालते म्हणून.

मग मोटर थांबली, नळ चालू झाला, बंद झाला. मग तो म्हणाला, ‘मिस्त्री, आत ये जरा.’

फिल्म त्याच्या हातात लोंबत होती. स्वच्छ. कडेला आकडे असतात, तेसुद्धा नाहीत. तो म्हणाला, उलटं ओतलं मी. फिक्सर आधी गेला. मी ट्रेकडे बघितलं. मोटर उजवीकडे, मोटरीकडची बाटली फिक्सरची... आणि मला सगळं एका क्षणात कळलं, जसं लेथवर हत्यार तुटायच्या आधी हाताला कळतं. त्याला कळलं नव्हतं. तो फिल्मकडेच बघत होता. ‘डोळे गेले रे माझे,’ तो म्हणाला. ‘आजच जायचे होते.’ मी तोंड उघडलं. शब्द तोंडापर्यंत आला होता. आणि मी म्हटलं, ‘होतं असं कधी कधी.’

बाहेर येऊन त्याने वहिनींना उभ्या उभ्या सांगितलं, शालू, कोरी निघाली, चूक माझी. वहिनींनी हातातली बशी खाली ठेवली. मग म्हणाल्या, असू दे, बरं झालं, पोहे करते. त्यांनी पोहे केले. आणि मी ते पोहे खाल्ले.

तो म्हणाला, मशीन घेऊन जा, आता नको. मी घेऊन आलो, आणि त्याच दुपारी मोटर परत डावीकडे बसवली. हे कुणी मला करायला सांगितलं नव्हतं. उद्या कुणी बघितलं तर... असं काहीतरी मनात असेल. त्यानंतर ते मशीन कुणी बघितलंच नाही. त्याने कॅमेरा कपाटात ठेवला आणि वहिनींना पुन्हा खुर्चीत बसवलं नाही. मला म्हणायचा, एकदा तिने हिंमत केली ती मी घालवली, आता दुसऱ्यांदा कुठल्या तोंडाने मागू? मी म्हणायचो, मग राहू दे. माझ्याइतकं सोपं उत्तर त्याला कुणी दिलं नसेल.

दोन-तीन वर्षांनी ठाण्याला त्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, मोतीबिंदूचं. मी सोबत गेलेलो. परत येताना रिक्षा शीळफाट्याला अडकली, पुढे मागे कंटेनर, तासभर हलली नाही. त्याच्या डोळ्यावर हिरवी पट्टी. तो आपणहून बोलायला लागला. म्हणाला, डॉक्टरांना विचारलं मी, दोन वर्षांपूर्वी मला हातभर अंतरावरची बाटली दिसली नसती का. ते म्हणाले, दिसली असती, मोतीबिंदू एवढा नव्हता. ‘म्हणजे डोळे नव्हते रे मिस्त्री. माझा हातच चुकला. डोळ्यांचं ऑपरेशन होतं, हाताच्या भरवशाचं काय करायचं?’ एवढा वेळ होता. रिक्षावाला खाली उतरून पान खात होता. ऐकायला कुणी नाही, पळून जायला जागा नाही. मी कंटेनरच्या मागची अक्षरं वाचत बसलो. मग म्हटलं, सुटलं वाटतं ट्रॅफिक. सुटलं नव्हतं.

का नाही बोललो? मी याचा पुष्कळ विचार केला आहे. तो रागावला असता म्हणून नाही. तो हसला असता, पुन्हा रोल भरला असता. पण माझं मशीन चुकलं असं झालं असतं. आयुष्यात माझ्याकडे सांगण्यासारखं होतं ते एवढंच, की माझ्या हातचं काम चुकत नाही. मोठी पोस्ट नाही, शिक्षण नाही, पोरांनी मोठी घरं घेतली ती त्यांची. ते एक वाक्य सोडवेना. आणि जितके दिवस गेले तितकं ते आणखी अवघड झालं, कारण मग नुसती बाटलीची चूक राहिली नाही, मधले दिवसही त्यात धरावे लागले असते.

त्यांच्या घरात बोलणं कमी झालेलं मला दिसत होतं. पूर्वी दोघं भांडायचे, कढीत गूळ घालावा की नाही यावर तासभर. ते थांबलं. वहिनी स्वयंपाकघरात, तो गॅलरीत. मी गेलो की तोंडभर स्वागत, पण एकमेकांशी कामापुरतं. मी म्हणायचो म्हातारपण आलं. मला खरंच तेवढंच वाटत होतं.

तेराव्याला जेवणं झाली, माणसं पांगली. मेधा भांडी परत द्यायला खाली गेलेली, वहिनींची मोठी बहीण आत आडवी पडली होती. ती कल्याणची, तेरा दिवस इथेच मुक्कामाला. मी निघायला उठलो तर वहिनी म्हणाल्या, भावोजी, बसा. समोर भिंतीवर केशवचा फोटो, रंगीत, कुणीतरी मोबाइलवर काढलेला. त्याच्याकडे न बघता त्यांनी विचारलं, ‘तुम्ही होतात तिथे. ती फिल्म खरंच कोरी होती का?’

मी म्हटलं, म्हणजे काय? तेव्हा त्या सावकाश बोलल्या. पहिल्यापासून त्यांची खात्री होती, की फिल्म आली होती. चांगली आली होती. त्यात त्या आहेत तशा दिसल्या आणि नवऱ्याला ते बघवलं नाही, म्हणून त्याने धुऊन टाकली, नाहीतर लपवली. वीस वर्षांत एक रोल गेला नाही, तो नेमका बायकोचाच कसा जाईल? आणि चुकून गेला असता तर माणसाने पुन्हा काढला नसता का? त्यांनी वाट बघितली होती, तो पुन्हा विचारेल म्हणून. दोन महिने त्या गच्चीवरची खुर्ची खाली आणली नव्हती. ‘मी त्यांना काही विचारलं नाही,’ त्या म्हणाल्या. ‘विचारलं असतं तर ते माझ्या समाधानासाठी काहीतरी बोलले असते.’

अकरा वर्षं, एका घरात. तो म्हणत होता, मागायला तोंड नाही. ही म्हणत होती, माझ्याकडे बघायला त्यांना डोळे नाहीत. आणि दोघांच्या मधे रोज चहा प्यायला मी.

आणि तरी मी काय बोललो ते ऐका. मी म्हटलं, ‘नाही वहिनी, कोरीच होती. मी डोळ्यांनी बघितली. त्याच्या हातून उलटं ओतलं गेलं.’ माणूस जाऊन तेरा दिवस झालेले, आणि मी पुन्हा त्याच्याच हातावर घातलं. वहिनी थोड्या हसल्या. म्हणाल्या, तुम्ही त्यांचे मित्र, तुम्ही असंच सांगणार. मला घरी जाताना कळलं, की माझी अर्धी खोटी गोष्ट आता अर्धी खरीसुद्धा कुणाला वाटत नव्हती. तो गेला आणि त्याच्या बायकोच्या मनात तो खोटारडाच राहिला. ते दुरुस्त करणारा हात एकच उरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी त्यांच्याकडे गेलो. चहा नको म्हटलं. वहिनींना म्हटलं, तीन पेले द्या आणि तुमचा मिक्सर द्या. त्यांना वाटलं असेल म्हातारा हलला. दिले त्यांनी. मी ओट्यावर तीन पेले ओळीने मांडले, डाव्या बाजूला मिक्सर ठेवला आणि सांगितलं, ही मोटर. मोटरीकडचा पेला पहिला, अशी आमची खूण. बाटल्या मी लावायचो, डावीकडून. मग मिक्सर उचलून उजव्या बाजूला ठेवला. म्हटलं, त्या आठवड्यात मी हे असं केलं आणि त्याला सांगितलं नाही. पेले तसेच. तो मोटरीच्या आवाजाने गेला. त्याचा हात चुकला नाही, त्याचे डोळे चुकले नाहीत, तो खोटं बोलला नाही. फिल्म कोरी होती आणि ती मी घालवली. हे मला त्याच दिवशी कळलं होतं.

वहिनी ओट्याकडे बघत होत्या. त्यांनी मिक्सर उचलला, पुन्हा डावीकडे ठेवला, मग उजवीकडे ठेवला. दोनदा केलं असं. मग म्हणाल्या, ‘एवढंच झालेलं?’

मी म्हटलं, एवढंच.

‘त्यांना सांगितलंत कधी?’

मी नाही अशी मान हलवली. मला वाटलं त्या ओरडतील, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पदराने ओट्यावरचं पाणी पुसलं. ‘त्यांनी पुन्हा काढले असते,’ त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने, ‘मी बसले असते.’

मी जायला वळलो. म्हणाल्या, थांबा. आणि आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, ‘ताई, बाहेर ये जरा.’ म्हातारी बहीण भिंतीला धरत धरत आली. वहिनी तिला म्हणाल्या, तुला मी इतकी वर्षं त्या फिल्मवरून आमच्या यांच्याबद्दल काय सांगत आले ते आठवतं ना, मग आता हे ऐक. तिला त्यांनी स्टुलावर बसवलं. मिक्सर होता तसा डाव्या बाजूला नेऊन ठेवला. मग माझ्याकडे बघितलं, त्या टक लावून बघत तसं. ‘भावोजी, आता पहिल्यापासून सांगा.’

मी पहिल्यापासून सांगितलं.